टेप ड्राइव्हशी बोलायचं कसं: स्कझीचा संवाद, पायरीपायरीने

टेप ड्राइव्ह आपणहून कधी तोंड उघडत नाही. सर्व्हरने विचारलं तर सांगतो, काम दिलं तर करतो, आणि काम कसं झालं याची पूर्ण हकीकतही पुढचा प्रश्न आल्यावरच देतो. बॅकअपच्या कामाला नव्याने लागलेल्या माणसाला हा ड्राइव्ह लहरी वाटतो तो यामुळेच. काल रात्री नीट चालला, आज सकाळी पहिलीच कमांड नाकारली, तीच पुन्हा दिली तर मुकाट कामाला लागला. यात लहरीपणा काहीच नसतो. पहिल्या वेळी त्याला एक बातमी सांगायची होती आणि ती कोणी ऐकून घेतली नाही, एवढंच.

ही बातमी ऐकायला शिकायचं, यासाठी हा लेख आहे. उदाहरणाला एलटीओ-५ (एलटीओ या टेपप्रकाराची पाचवी पिढी) ड्राइव्ह आणि लिनक्स सर्व्हर घेतो. ही पिढी २०१० साली आली. एका कार्ट्रिजमध्ये १.५ टेराबाइट मावतात आणि वेग सेकंदाला १४० मेगाबाइट. तुमच्याकडे सहावी, सातवी, नववी पिढी असली तरी बोली तीच राहते: स्कझी, म्हणजे संगणक आणि ड्राइव्हसारख्या उपकरणांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम. स्कझीचं पहिलं प्रमाणित रूप १९८६ सालचं. तेव्हाच्या जाड रिबन केबली गेल्या, सॅस आणि फायबर चॅनल या नव्या जोडण्या आल्या, पण त्यांतून धावणारी ‘लिही’ ही कमांड आजही तेव्हासारखीच सहा बाइटची आहे.

एक सूचना आधीच: खाली मी कमांडची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची. हेक्स, म्हणजे सोळा अंकी पद्धतीच्या, आकड्यांतली अक्षरंही तशीच वाचा. म्हणजे ‘०ए’ हा एकच बाइट आहे, त्याची दशमान किंमत १०.

पहिली पायरी: तार

आज बहुतेकांच्या हाती सॅस ड्राइव्ह येतो. त्यात एका टोकाला कार्ड, दुसऱ्या टोकाला ड्राइव्ह, मध्ये एक केबल. पत्ता ड्राइव्हमध्येच कारखान्यातून कोरलेला असतो, त्यामुळे पत्ता ठरवणारे जंपर लावायचे नाहीत आणि तारेचं टोक बंद करणारा टर्मिनेटरही नाही. काळजी एकच घ्यायची: कार्ड साधं एचबीए, म्हणजे कमांडी नुसत्या पुढे पोचवणारं, असावं. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या रेड कार्डाला डिस्कांचा संसार सांभाळायची सवय असते. टेप ड्राइव्ह त्याला जोडला तर बऱ्याच कार्डांना तो दिसत नाही, आणि दिसला तरी कमांडी जशाच्या तशा पोचतील याची खात्री नसते.

जुना समांतर स्कझी ड्राइव्ह हाती आला असेल, उदाहरणार्थ जुन्या टेपांवरचा डेटा सोडवण्यासाठी, तर मात्र दोन गोष्टी डोळ्यांनी तपासा. प्रत्येक उपकरणाचा आयडी वेगळा हवा. रुंद बसवर (सगळ्या उपकरणांच्या सामायिक तारेवर) ० ते १५ आयडी असतात आणि ७ हा सहसा होस्ट कार्डाचा असतो, कारण बसवर बोलण्याचा पहिला मान त्याला मिळतो. दुसरं, टर्मिनेटर बसच्या दोन्ही टोकांना हवा आणि मध्ये कुठेही नको. टर्मिनेटर नसेल तर सिग्नल तारेच्या टोकावरून उलटा परततो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. हा बिघाड फसवा असतो. छोट्या कमांडी बिनबोभाट जातात, ड्राइव्ह ओळखही देतो, आणि मोठा डेटा सुरू झाला की चुका होऊ लागतात. एचव्हीडी लिहिलेला ड्राइव्ह दिसला तर त्याला एलव्हीडी कार्ड लावू नका. दोन्हींचे सॉकेट सारखे दिसतात, पण व्होल्टेज वेगळं असतं आणि नुकसान होऊ शकतं.

दुसरी पायरी: तू कोण?

सर्व्हर सुरू करण्याआधी ड्राइव्ह सुरू करा. मग ‘एलएसएससीएसआय’ ही कमांड चालवा आणि तिला ‘जी’ हा पर्याय द्या. यादीत ‘टेप’ असा प्रकार लिहिलेली ओळ दिसायला हवी. त्या ओळीत ड्राइव्हची दोन दारं, म्हणजे त्याच्याशी बोलायची दोन नावं, दिसतील. एक ‘एसटी०’, म्हणजे टेपचं नेहमीचं दार. दुसरं ‘एसजी’ आणि पुढे आकडा, म्हणजे हाताने कच्च्या स्कझी कमांडी पाठवायचं दार.

ही ओळ तयार कशी होते? सर्व्हरने ड्राइव्हला ‘इन्क्वायरी’ कमांड पाठवली: १२ ०० ०० ०० २४ ००. पहिला बाइट कमांडचा क्रमांक, आणि २४ म्हणजे दशमान ३६: छत्तीस बाइट उत्तर दे. उत्तराचा पहिला बाइट ०१ आला तर हे क्रमाने वाचायचं उपकरण, म्हणजे टेप. डिस्क असती तर ०० आला असता, आणि कार्ट्रिज उचलून ठेवणारा लायब्ररीचा यांत्रिक हात ०८ म्हणाला असता. पुढे ८ बाइट कंपनीचं नाव, १६ बाइट मॉडेल, ४ बाइट फर्मवेअरची आवृत्ती.

इन्क्वायरीचा एक गुण लक्षात ठेवा. ड्राइव्हमध्ये टेप असो नसो, तो कार्ट्रिज आत ओढत असो, की मनात एखादी बातमी दाबून बसलेला असो, या प्रश्नाला तो उत्तर देतोच. म्हणून इन्क्वायरीचं उत्तर आलं याचा अर्थ एवढाच की तार ठीक आहे. ड्राइव्ह कामाला तयार आहे असा अर्थ त्यातून काढू नका.

तिसरी पायरी: तयार आहेस का?

त्यासाठी वेगळी कमांड आहे, ‘टेस्ट युनिट रेडी’. सहाच्या सहा बाइट शून्य. स्कझीतला सर्वांत साधा प्रश्न, आणि शिकायला सर्वांत चांगला. ‘एसजी-३ युटिल्स’ या संचातली ‘एसजी-टर्स’ कमांड (मध्ये अंडरस्कोर) हाच प्रश्न विचारते. ड्राइव्ह रिकामा असताना एकदा विचारा, कार्ट्रिज आत जात असताना विचारा, आत बसल्यावर दोनदा विचारा. हा प्रयोग करायला दोन मिनिटं लागतात, आणि प्रत्येक नवशिक्याने तो स्वतःच्या हाताने करावा असा माझा आग्रह आहे.

रिकामा असताना उत्तर येतं ‘चेक कंडिशन’. म्हणजे: नुसत्या हो-नाहीने भागत नाही, तपशील माझ्याकडे आहे, तो बघ. या तपशिलाला सेन्स डेटा म्हणतात. जुन्या बसवर तो ‘रिक्वेस्ट सेन्स’ ही वेगळी कमांड देऊन मागावा लागे. सॅसवर तो उत्तरासोबतच येतो. त्यात तीन आकडे महत्त्वाचे: एक सेन्स की, आणि तिला नेमकं करणारी पुढची जोडी. रिकाम्या ड्राइव्हची की २ येते, जोडी ३ए ००: तयार नाही, माध्यमच नाही. टेप आत जात असताना की तीच, जोडी ०४ ०१: तयार होतोय, थांब. टेप बसल्यावर पहिल्यांदा विचारल्यावर की ६, जोडी २८ ००.

या ६ ला ‘युनिट अटेन्शन’ म्हणतात. अर्थ असा: तू मागच्या वेळी बोललास त्यानंतर इथे काहीतरी बदललंय, टेप वेगळी असू शकते, आधी लक्षात घे. ड्राइव्ह ही बातमी सांगतो, आणि सांगितली की विसरतो. दुसऱ्यांदा विचारा, ‘गुड’ येईल. ड्राइव्ह बंद-चालू झाला असेल तर हीच की २९ ०० घेऊन येते. सुरुवातीला म्हटलं ते लहरी वागणं हेच. हा नियम किती शहाणपणाचा आहे ते बघा. कोणी मध्येच कार्ट्रिज बदलली आणि ड्राइव्हने काही न सांगता पुढची ‘लिही’ कमांड पाळली असती, तर भलत्याच टेपवर डेटा गेला असता.

दोन सर्व्हर एकाच ड्राइव्हशी बोलत असतील तर ही बातमी प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळते. आणि लक्षात घ्या, लिनक्सचा टेप ड्रायव्हर हे सवाल-जवाब बऱ्याचदा स्वतःच उरकतो. म्हणून बातमी उघडी बघायची असेल तर ‘एसजी’ दारातून बघा.

चौथी पायरी: ब्लॉक ठरवा

टेपवर डेटा ब्लॉकने जातो. ब्लॉकचा आकार ठरवायच्या दोन पद्धती. ठरावीक पद्धतीत आधी ‘मोड सिलेक्ट’ कमांडने आकार सांगून ठेवायचा आणि मग ‘इतके ब्लॉक लिही’ म्हणायचं. बदलत्या पद्धतीत आकार शून्य ठेवायचा, आणि मग प्रत्येक ‘लिही’ कमांडमध्ये जितके बाइट सांगाल तितका एक ब्लॉक. नव्या माणसाने बदलती पद्धत घ्यावी. टेप हाताळणाऱ्या ‘एमटी’ कमांडला ‘सेटब्लॉक’ (टाइप करताना एस-ई-टी-बी-एल-के) आणि शून्य दिलं की झालं.

आता आकार किती? फाइली एकत्र बांधून टेपवर टाकणारा ‘टार’ प्रोग्रॅम काही न सांगता १०,२४० बाइटचा ब्लॉक बनवतो. एलटीओ-५ ला सेकंदाला १४० मेगाबाइट द्यायचे तर या आकाराने सेकंदाला जवळपास १३,७०० कमांडी पाठवाव्या लागतील. प्रत्येक कमांडीला जाणं-येणं, उत्तर, नोंद. तेच ब्लॉक २५६ किलोबाइटचा घेतला तर ५३४ कमांडींत भागतं. डेटा पुरेशा वेगाने आला नाही तर ड्राइव्हला टेप थांबवावी लागते, थोडी मागे न्यावी लागते, वेग घेऊन पुन्हा पुढे यावं लागतं. बूट पॉलिश करणाऱ्याच्या फडक्यासारखी टेप ड्राइव्हच्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्यावरून (हेडवरून) पुढे-मागे घासत राहते. एलटीओ ड्राइव्ह आपला वेग काही मर्यादेपर्यंत कमी करून हे टाळतात, पण त्या मर्यादेखाली गेलात की घासणं सुरू. ड्राइव्हजवळ कान नेलात तर ऐकू येतं: सलग गुणगुण असेल तर ठीक, घर्रर्र-थांब-घर्रर्र असेल तर डेटा कमी पडतोय.

मी २५६ किलोबाइट वापरतो, आणि तो आकडा कार्ट्रिजच्या लेबलवर पेनने लिहितो. का, ते वाचण्याच्या पायरीत कळेल.

पाचवी पायरी: लिहिणं, आणि ‘गुड’चा खरा अर्थ

२५६ किलोबाइटचा एक ब्लॉक लिहायची कमांड अशी दिसते: ०ए ०० ०४ ०० ०० ००. ०ए म्हणजे लिही. दुसऱ्या बाइटचा शेवटचा बिट शून्य, म्हणजे बदलती पद्धत. पुढचे तीन बाइट लांबी: ०४ ०० ०० हेक्स, म्हणजे २,६२,१४४ बाइट. शेवटचा बाइट नियंत्रणाचा, सहसा शून्य. कमांड गेली की मागोमाग डेटा जातो, आणि ड्राइव्ह म्हणतो ‘गुड’.

इथे थांबा. हा ‘गुड’ टेपवर उमटलं याची पावती नाही. डेटा ड्राइव्हच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पोचला, एवढीच ती पोच आहे. टेप अखंड पळत राहावी म्हणून ड्राइव्ह असं करतो, आणि ते योग्यच आहे. पण बफरमधला डेटा टेपवर उतरताना पुढे चूक झाली, तर ती सांगायला त्याच्याकडे जुनी कमांड उरलेली नसते. मग तो पुढच्या कुठल्यातरी कमांडीला ‘चेक कंडिशन’ देतो, आणि सेन्स डेटाचा पहिला बाइट ७० ऐवजी ७१ ठेवतो. ७१ म्हणजे उधारीची चूक: तू आत्ता मागितलंस त्यात दोष नाही, आधी जे घेतलं होतं ते बिघडलं.

मग खात्री कशी करायची? फाइलमार्कने. ‘राइट फाइलमार्क्स’ ही कमांड टेपवर एक खूण उमटवते, दोन बॅकअपांच्या मधलं कुंपण. ती साध्या रूपात दिली तर आधीचा सगळा डेटा टेपवर उतरल्याशिवाय ड्राइव्ह ‘गुड’ म्हणत नाही. फाइलमार्कची संख्या शून्य दिली तर खूण उमटत नाही, फक्त बफर रिकामा होतो. लिनक्समध्ये लिहून झाल्यावर प्रोग्रॅमने टेपचं दार बंद केलं की ड्रायव्हर स्वतः एक फाइलमार्क लिहितो. म्हणूनच बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये दार बंद होतानाची चूक तपासणं फार गरजेचं आहे. शेवटचे काही मेगाबाइट तिथेच पकडले जातात. मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती स्क्रिप्टांत नेमकी हीच तपासणी नसते.

टेप संपत आली की ड्राइव्ह ब्लॉक लिहितो आणि तरीही ‘चेक कंडिशन’ देतो. की शून्य, पण माध्यम-संपलं हा बिट चालू. ही चूक नव्हे. अजून थोडी जागा आहे, पसारा आवर, अशी ती सूचना असते.

सहावी पायरी: एसटी की एनएसटी

लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं आहेत. ‘एसटी०’ वापरलंत तर दार बंद होताना टेप आपोआप गुंडाळून सुरुवातीला जाते. ‘एनएसटी०’ वापरलंत तर जिथे आहे तिथेच थांबते. फरक एका अक्षराचा आहे.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका ठिकाणी रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट माझ्याकडे होती. तीन रात्री ती एनएसटीवर चालली. चौथ्या रात्रीआधी मी टेप गुंडाळून आधीचा मजकूर तपासला आणि नंतर स्क्रिप्ट सुरू केली, पण आधी टेप शेवटाला न्यायची विसरलो. चौथा बॅकअप पहिल्यावर लिहिला गेला. तो छोटा होता, म्हणून मला वाटलं की दुसरा आणि तिसरा तरी पुढे शाबूत असतील. टेप पुढे न्यायची कमांड दिली आणि सेन्स डेटात आलं: की ८, जोडी ०० ०५. कोरं, डेटा संपला.

टेपवर कुठेही लिहिलं की ड्राइव्ह त्या लिखाणाच्या शेवटी ‘इथे डेटा संपला’ अशी खूण ठेवतो आणि त्यापलीकडे पाऊल टाकत नाही. दोन रात्रींचा डेटा चुंबकीय रूपात त्या पट्टीवर होता, हातात होता, आणि कोणत्याही साध्या कमांडीने परत मिळणार नव्हता. डिस्कवर मधलं एक पान बदलता येतं. टेपवर मध्ये लिहिलंत की पुढचं सगळं गेलं. म्हणून माझा नियम: लिहिण्याआधी नेहमी ‘एमटी’ला ‘ईओडी’ सांगून टेप डेटाच्या शेवटाला न्या, मग ‘स्टेटस’ मागून फाइल क्रमांक अपेक्षित आहे का ते वाचा, आणि मगच लिहा. तिन्ही वेळा नाव एनएसटीच हवं. एसटी दिलंत तर ‘ईओडी’ला गेलेली टेप दार बंद होताच परत सुरुवातीला येईल.

सातवी पायरी: वाचून बघा

वाचताना आपण ड्राइव्हला सांगतो, ‘पुढचा ब्लॉक दे, माझ्याकडे इतकी जागा आहे’. ब्लॉक २५६ किलोबाइटचा आणि आपण जागा दिली टारची नेहमीची १०,२४० बाइट, तर सेन्स डेटाची सुरुवात अशी येते: एफ० ०० २० एफएफ एफसी २८ ००.

हे अक्षर अक्षर वाचू. एफ० म्हणजे ७०च, फक्त ‘पुढची माहिती ग्राह्य धर’ हा बिट चालू. तिसरा बाइट २०: की शून्य, आणि ‘लांबी जुळली नाही’ हा बिट चालू. पुढचे चार बाइट म्हणजे मागितलेली लांबी वजा खरी लांबी. १०,२४० वजा २,६२,१४४ म्हणजे उणे २,५१,९०४, आणि ते हेक्समध्ये असं दिसतं. म्हणजे ड्राइव्हने खरा आकार सांगूनच टाकला आहे! पण तुमच्या पडद्यावर टार म्हणतो: मेमरी मिळाली नाही. लोक सर्व्हरची रॅम तपासायला धावतात. रॅमचा काही संबंध नाही. टारला ‘बी’ पर्याय आणि ५१२ द्या, कारण टार ५१२ बाइटच्या पटीत मोजतो आणि ५१२ गुणिले ५१२ म्हणजे बरोबर २,६२,१४४. लेबलवर आकडा लिहायचा तो याचसाठी. वर्षांनी दुसरा कोणी ती टेप उघडेल.

तिसरा बाइट ८० आला तर फाइलमार्क लागला, म्हणजे एक बॅकअप संपला. की ३ असेल तर माध्यमाची चूक, आणि ती मात्र खरी काळजीची. आधी साफसफाईची कार्ट्रिज चालवा, मग दुसरी टेप लावून बघा. दुसरीवरही तेच आलं तर संशय ड्राइव्हच्या डोक्यावर. ड्राइव्ह ‘टेप अलर्ट’ नावाच्या पानावर ६४ झेंडे ठेवतो: विसावा म्हणजे आत्ता साफ कर, तिसरा म्हणजे न सुधारलेली चूक. ‘लॉग सेन्स’ कमांडने पान २ई मागा. एकदा वाचलं की झेंडे सहसा उतरतात, म्हणून जे दिसेल ते लगेच लिहून ठेवा.

आठवी पायरी: टेप बाहेर काढणं

‘एमटी’ला ‘ऑफलाइन’ सांगा. टेप गुंडाळली जाईल आणि कार्ट्रिज बाहेर येईल. एलटीओ-५ ची टेप ८४६ मीटर लांब असते, तेव्हा मिनिटभर थांबायची तयारी ठेवा. समोरचं बटण दाबूनही कार्ट्रिज बाहेर येत नसेल तर ओढाताण करू नका. एखाद्या प्रोग्रॅमने ‘प्रिव्हेंट’ कमांड देऊन कार्ट्रिज बाहेर येणं अडवून ठेवलेलं असतं. तो प्रोग्रॅम बंद करा, म्हणजे ही अडवणूक सहसा सुटेल.

कार्ट्रिज हातात आली की कडेची लहान सरकती खिट्टी कुलपाच्या चित्राकडे न्या. यापुढे कोणी चुकून लिहायला गेलं तर ड्राइव्ह की ७ आणि जोडी २७ ०० देईल. मग लेबलवर तारीख, ब्लॉकचा आकार आणि आतल्या फाइलींची संख्या लिहा, आणि कार्ट्रिज तिच्या डबीत ठेवा.